बिनसाखरेचा चहा

३ फेब्रुवारी

आत्या,

काल फोनवर तू "बघू" म्हणालीस आणि ठेवून दिलास. तुझ्या तोंडून हा शब्द मी आजवर ऐकला नव्हता. तुझं एक तर "हो" असायचं, नाहीतर "मुळीच नाही". म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी तुला कमी बोलायला सांगितलंय आणि मोबाईलवर अंगठ्याने लिहिणं तुला पोरखेळ वाटतो, तेव्हा कागदच बरा.

तुझे रिपोर्ट मी इथल्या डॉक्टरांनाही दाखवले. तेही तेच म्हणाले. गाठ स्वरयंत्रात आहे आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. तू जगशील, आत्या. पण या आवाजात बोलता येणार नाही. तारीख मार्चअखेरची मिळाली आहे, ती सोडू नकोस.

मी स्पीच थेरपिस्ट झाले तेव्हा तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस, "जी पोर शाळेत हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची, ती आता लोकांना बोलायला शिकवते!" तर आता माझं थोडं ऐक. ऑपरेशनआधी आम्ही माणसाचा आवाज साठवून घेतो. हातात मावणारं एक यंत्र असतं. बटण दाबलं की आपणच आधी बोलून ठेवलेलं वाक्य आपल्याच आवाजात ऐकू येतं. सोबत रेकॉर्डर आणि आवाज साठवायची त्याची दोन-चार छोटी कार्डं पाठवते आहे. लाल बटण दाबायचं आणि बोलायचं, बस.

काय बोलायचं, त्यासाठी खाली काही हलकेफुलके प्रश्न लिहिलेत. आमच्याकडे सगळ्यांनाच विचारतो. डोकं न खाजवता, जे मनात येईल ते उत्तर द्यायचं. आवडता रंग कोणता? सकाळ की संध्याकाळ? उशी एक की दोन? बसायला खिडकी की दार? कुत्रा की मांजर? एकटी असताना कोणतं गाणं गुणगुणतेस? चहा कसा हवा?

वाट बघते.

तुझी
कुजबुज


९ फेब्रुवारी

प्रिय कुजबुज,

पार्सल मिळालं. यंत्र चालवता आलं. आयुष्यभर बस-अड्ड्याच्या माईकसमोर बसून गाड्या पुकारणाऱ्या बाईला एक लाल बटण दाबता येणार नाही, असं वाटलं होतं का तुला?

मी तीन भाषणं भरली आहेत. पहिलं कंत्राटी कामाच्या विरोधात. दुसरं बायकांना रात्रपाळीला जुंपण्याच्या विरोधात. तिसरं आपल्या वस्तीतलं वाचनालय बंद पाडून तिथे गोदाम केलं, त्याच्या विरोधात. तिसऱ्याच्या शेवटी जरा खोकला आला, तो राहू दे. लोकांना कळू दे की बाई खोकत होती, तरी बोलत होती.

तुझ्या प्रश्नांना मी हात लावलेला नाही. आवडता रंग! अगं, माणसाला गप्प बसवायची सगळ्यात सभ्य रीत कोणती, माहीत आहे? त्याला त्याच्या आवडीनिवडी विचारायच्या. मालक पगाराबद्दल बोलत नाही, पण गणवेश निळा हवा की करडा, हे मात्र अगत्याने विचारतो. आम्ही तेव्हाही सांगितलं होतं, रंग तुम्ही ठरवा, पगाराचं आम्ही ठरवतो. माणूस त्याच्या आवडींनी ओळखला जात नाही, पोरी. तो कशाच्या विरुद्ध उभा राहिला, त्याने ओळखला जातो. विचारायचंच असेल तर ते विचार. एका बैठकीत सगळी कार्डं भरून देते.

आता मुख्य मुद्दा. मी ऑपरेशन करून घेणार नाही.

मी घाबरलेली नाही. पण जरा समजून घे. डेपोच्या फाटकाबाहेर रिकाम्या ऑइलच्या ड्रमवर उभी राहून मी बोलायला लागले की मागच्या गल्लीतली दुकानं ऐकायला दाराशी यायची. लोक मला "भोंगा" म्हणायचे. मालकाची माणसं चिडवायला म्हणायची, आपली माणसं मायेने म्हणायची, पण म्हणायचे सगळे. भोंग्यातून आवाज काढून घेतला तर मागे काय उरतं? पत्रा. तुझे डॉक्टर मला जगवणार म्हणतात. कुणाला जगवणार ते? त्या पत्र्याला? मी पुष्कळ वाचलंय, पुष्कळ विचार केलाय. जे आहे ते असू दे, जितके दिवस आहे तितके दिवस.

कार्ड सोबत पाठवलं आहे. नीट जपून ठेव.

तुझी आत्या


१४ फेब्रुवारी

आत्या,

तुझी भाषणं ऐकली. खुर्चीत बसून ऐकायला सुरुवात केली आणि संपली तेव्हा मी उभी होते. शेजारच्या खोलीतली सहकारी धावत आली, म्हणाली, "कुणाशी भांडतेयस?"

पण जरा डोळ्यांपुढे आण. ऑपरेशन झालंय. (होणारच आहे, मी तुझं ऐकलेलं नाही.) तू वॉर्डात पडली आहेस. उकडतंय, खिडकी उघडून हवी आहे. तू बटण दाबतेस आणि यंत्र गरजतं, "साथींनो, हा घाला तुमच्या-आमच्या पोटावर आहे!" नर्स खिडकी उघडेल की संपावर जाईल?

आमच्याकडे एक सुतार येतात. त्यांनीही आधी नुसती कामाची वाक्यं भरली होती, पाणी द्या, दुखतंय, डॉक्टरांना बोलवा. त्यांची बायको माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ही वाक्यं कुणाच्याही आवाजात चालतील हो. पण 'तुला काही कळत नाही' हे मात्र त्यांच्याच आवाजात घ्या. रोज ऐकलंय, एकदम बंद झालं तर घर खायला उठेल." घेतलं आम्ही. दोघं खोलीतून भांडत भांडतच बाहेर पडले.

फाटकावरचा तुझा आवाज सगळ्या गावाने ऐकलाय, तो जाणार नाही. मला घरातला हवा आहे. मी शाळेसाठी तुमच्याकडे राहायला होते, तेव्हा स्वयंपाकघरातून यायचा तो. बोलायचं नसेल तर निदान लिहून तरी उत्तरं दे. माझ्यासाठी म्हणून दे.

कुजबुज


२१ फेब्रुवारी

प्रिय कुजबुज,

"माझ्यासाठी म्हणून." तुझे युक्तिवाद नेहमी असेच. मुद्दा हरला की गळ्यात पडायचं. घे उत्तरं.

रंग. तू मनात लाल लिहूनही मोकळी झाली असशील. झेंड्याचा रंग आवडीनिवडीचा नसतो, तो कर्तव्याचा असतो. मला आवडतो तो कॉपिंग पेन्सिल ओली केल्यावर उमटणारा जांभळा. तुझे आतोबा बसच्या सीटा शिवायचे. रेक्झिनवर खूण करताना पेन्सिलचं टोक जिभेला लावायची त्यांना सवय. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात जांभळा डाग. मी रोज म्हणायचे, "विष असतं त्यात," आणि ते रोज पुसायचे. हा रंग.

सकाळ की संध्याकाळ? संध्याकाळ. पाळी सुटायची वेळ. माणूस तेव्हा स्वतःचा होतो.

उशी नाही. एकही नाही.

दार. खिडकीतून नुसतं बघता येतं, दारातून जाता येतं.

कुत्रा मालकाचा असतो, मांजर कुणाचीच नसते. मांजर.

मी गुणगुणत नाही. मी गाते, नाहीतर गप्प बसते.

चहा. हा प्रश्न तू शेवटी ठेवलास. उत्तर तुला माहीत आहे, सगळ्या डेपोला माहीत आहे. बिनसाखरेचा. धुलाई खात्यातल्या माणसांना एका सकाळी काढून टाकलं आणि फाटकाआत गाड्या धुण्याचं यंत्र आणून उभं केलं, त्या संध्याकाळी मी ड्रमवर उभी राहून शब्द दिला. यांतला शेवटचा माणूस कामावर परत येईपर्यंत माझ्या चहात साखर पडणार नाही. लोक हसले होते. म्हणाले, आठवडाभर टिकेल. काही जणांनी माझ्यासोबत सोडली आणि महिन्याभरात गुपचूप चालू केली. मला म्हणायचे, "ताई, कडू लागतो हो, गळ्याखाली उतरत नाही." मी त्यांना झाडायचे. चहा कडू नाही, तुमची निष्ठा पातळ आहे! दूध नीट आटवा, दुधाला स्वतःची गोडी असते, साखरेची गरज माणसाला व्यापाऱ्याने लावली. यावर मी एकदा पाऊण तास बोलले आहे. आणि ते खरं होतं. आतोबा करायचे तो बिनसाखरेचा चहा इतका सुरेख लागायचा की घोटाघोटाला वाटायचं, बघा, शब्द पाळणाऱ्याला जगात काही कमी पडत नाही. बाहेर कुणाकडे मात्र कधी जमला नाही त्यांच्यासारखा. बाहेरचा मी अर्धा टाकायचे.

ती माणसं परत आली नाहीत. काही गेलीसुद्धा. डेपोही बंद झाला. पण शब्द मोडलेला नाही. माझ्या आयुष्यात पूर्णपणे माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट आहे.

आणि आता विचारलंच आहेस, तर हेही ऐक. आतोबा गेल्यापासून चहाला चव उरलेली नाही. ते गेले तेव्हापासून मी रोज करते आणि रोज अर्धा मोरीत ओतते. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या, कुजबुज. घशात आवाज आणि जिभेवर तो चहा. एक तुझे आतोबा घेऊन गेले. दुसरी तुम्ही घेणार. मग मागे काय ठेवणार आहात, ते एकदा त्या डॉक्टरांना विचार.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझी उत्तरं दोनदा वाचली. जांभळा डाग मलाही आठवतो.

एकच सांग. आता चहा तू कसा करतेस? दूध किती, पत्ती कुठली, किती उकळतेस? आणि फक्त चहाच कडू लागतो की जेवणही बेचव लागतं? उगाच विचारत नाही.

तारखेला हात लावू नकोस.

कुजबुज


१ मार्च

प्रिय कुजबुज,

तू आता स्वयंपाकाची मास्तरीण झालीस का?

दूध तेच, त्याच डेअरीचं. पत्ती तीच, त्यांनी भरून ठेवलेल्या डब्यातली, संपल्यावर त्याच दुकानातली. पातेलंही तेच, कान वाकलेलं. ते उकळायचे तितकंच उकळते. त्यांच्यामागे उभी राहून हजारदा बघितलंय मी, म्हणजे बघितलंय असं वाटत होतं. बहुतेक वेळा माझ्या हातात वर्तमानपत्र असायचं. तरी औषधासारखा लागतो. जेवण ठीक लागतं. मीठ कळतं, तिखट कळतं.

डॉक्टरांना मी हे विचारलं होतं. ते म्हणाले, "या गाठीचा जिभेशी काही संबंध नाही." तेव्हाच मी समजून घेतलं. ही दुखण्याची खूण नाही, माणूस गेल्याची आहे. चव त्यांच्यासोबत गेली. यावर औषध नाही आणि मला नकोही आहे.

आणि तारखेचं म्हणशील, तर तिला मी हात लावला. काल दवाखान्यात जाऊन माझं नाव काढून घेतलं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "का काढताय?" मी म्हटलं, "बाई, एवढं बोलून झाल्यावर आता मला मुक्याने जगायचं नाही." तिने लिहिलं, 'वैयक्तिक कारण'.

रागावू नकोस. आणि आता चहाबद्दल विचारू नकोस.

आत्या


५ मार्च

आत्या,

मी एका माणसाला शब्द दिला होता. तो आज मोडते आहे. त्या माणसाला विचारायची सोय उरलेली नाही, आणि असती तर त्यानेच मला "सांग" म्हटलं असतं, असं धरून चालते.

आतोबांच्या चहात साखर असायची.

तुझ्या कपात. रोज, दोन्ही वेळा. मी तुमच्याकडे राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी तू तो शब्द दिला होतास. पहिले काही दिवस त्यांनी खरंच बिनसाखरेचा केला, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तू फाटकावरून घसा सोलून यायचीस, एक घोट घ्यायचीस आणि काही न बोलता कप बाजूला ठेवायचीस. जेवायचीही नाहीस धड. मग त्यांनी पाव चमचा घालायला सुरुवात केली आणि हळूहळू अर्धा. त्याच्या पुढे कधी गेले नाहीत. म्हणाले, पाऊण केला तर भोंग्याला कळेल. त्याच सुमारास तू म्हणायला लागलीस, दूध आटवलं की आपोआप गोडी येते. त्यांनी मान डोलावली.

मी पाहिलं ते एका सकाळी. तू बाहेरच्या खोलीत मोठ्याने अग्रलेख वाचत होतीस, त्यातल्या चुका काढत होतीस. ते डब्याचं झाकण अंगठ्याने धरून उघडत होते, वाजू नये म्हणून. मी दारात उभी होते. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. जांभळा डाग होता त्याच्यावरही. मी कुजबुजत विचारलं, "आतोबा, आत्याने शब्द दिलाय ना?"

ते म्हणाले, "दिलाय. म्हणून तर मी माझ्यात घालत नाही."

त्यांचा कप त्यांनी माझ्यापुढे धरला, मी चाखून बघितला आणि तोंड वाकडं केलं. ते हसले आणि म्हणाले, "शब्द पाळायला घरात एक माणूस पुरे. तिला बोलायचं असतं, तिच्या घशाला ओलावा पाहिजे. बोलायचं काम तिचं, पाळायचं माझं. तिला कळू द्यायचं नाहीस."

आत्या, तुझी चव कुठे गेलेली नाही. तू खरोखरचा बिनसाखरेचा चहा आता प्यायला लागली आहेस, पहिल्यांदाच. तो कडूच असतो. डेपोतली माणसं खरं सांगत होती.

आणखी एक. ते प्रश्न आमच्याकडे सगळ्यांना विचारतात, असं मी लिहिलं, ते खोटं होतं. दवाखान्याच्या यादीत 'पाणी द्या' आणि 'दुखतंय' एवढंच असतं. प्रश्न मी बसून लिहिले. तू कशाकशाच्या विरुद्ध होतीस, ते मी तोंडपाठ सांगू शकते. पण तुला काय आवडतं, हे लिहायला बसले तर एक ओळ येईना. ते फक्त त्यांना माहीत होतं.

आमचे डॉक्टर सांगतात की या ऑपरेशननंतर वास फारसा येत नाही, कारण हवा नाकातून जात नाही. बऱ्याच चवी त्यामुळे फिक्या होतात. पण गोड राहतं, ते जिभेवरच कळतं. तू विचारलं होतंस, मागे काय ठेवणार. अर्धा चमचा ठेवणार.

आता माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण नाव परत घाल.

कुजबुज


१८ मार्च

आत्या,

फोन उचलत नाहीस. शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आहेत की, दार लावून बसल्यात. कुणाला तरी जोरजोरात बोलताना ऐकू येतं, घरात दुसरं कुणी नसतं." तुला घशाला ताण द्यायचा नाही, हे तुला माहीत आहे.

मी महिनाअखेरीस रजा टाकली आहे. तू ये म्हणालीस तर येईन, नाही म्हणालीस तरी येईन.

कुजबुज


२६ मार्च

कुजबुज,

येऊ नकोस. आधी हे वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. मग त्यांच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसले आणि जे बोलायचं ते बोलले. शिंपीणबाईने ऐकलं ते हेच. मालकाला, पोलिसांना, मंत्र्याला मी जे बोलले नव्हते ते त्या माणसाला बोलले. फितूर! दुसरा शब्द नाही. फाटकावर मी एक फितूर सहन केला नाही. ज्याने आतून कडी काढून यंत्राचा ट्रक आत घेतला, त्याच्या हातचं पाणी मी तो मरेपर्यंत प्यायले नाही. आणि माझ्याच घरात, माझ्याच कपात, दिवसातून दोन वेळा फितुरी! मी ड्रमवर उभी राहून लोकांना सांगायचे, बघा, मी पाळते आहे. माझ्या जिभेवर तेव्हा साखर असायची. मी खोटं बोलत होते, कुजबुज. इतकी वर्षं, एवढ्या मोठ्या आवाजात. ज्यांना मी झाडलं, ती माणसं खरी होती. त्यांच्या निष्ठेला मी पातळ म्हटलं. त्यांतल्या एकाची बायको अजून आहे. तिच्याकडे गेले आणि सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी महिनाभर सोडली होती, तेवढा महिना घरात कुणाशी धड बोलले नाहीत. तुमच्या नवऱ्याला अक्कल होती, ताई." मी तिच्याकडे भांडायला गेले नव्हते, तरी भांडून आले.

हे सगळं झाल्यावर एका दुपारी मी चहा टाकला. तेच पातेलं. साखर घरात नव्हती, ती शिंपीणबाईकडून वाटीत आणली. ती बघतच राहिली. अर्धा चमचा मी तीनदा मोजला आणि घातला.

तोच चहा होता, पोरी. जसाच्या तसा तोच. मला वाटलं, मागे वळले तर ते पातेलं विसळत उभे असतील. मी पूर्ण कप प्यायले. तळाचाही.

मग मला तुझ्या पत्रातलं त्यांचं वाक्य दिसलं. आधी रागात ते वाचूनही वाचलं नव्हतं. ते स्वतःच्या कपात घालत नव्हते. या माणसाला गोड किती आवडायचं, तुला ठाऊक नाही. लग्नाच्या आधी आम्ही डेपोच्या कॅन्टीनमध्ये भेटायचो तेव्हा ते तीन चमचे घालायचे, वर कप तिरका करून तळाची साखर बोटाने खायचे. त्याच माणसाने कडू चहा गिळत आयुष्य काढलं, आणि समोर बसून माझं भाषण ऐकलं की दुधाला स्वतःची गोडी असते! मान डोलावली! धुलाई खात्यातल्या माणसांसाठी शब्द दिला मी, टाळ्या घेतल्या मी. पाळला त्यांनी. टाळ्यांशिवाय. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की चळवळ चालते ती न बोलणाऱ्या माणसांमुळे. वाक्य चांगलं होतं, दरवेळी टाळ्या पडायच्या. ते माझ्यासमोर बसून चहा पीत होते आणि मी ते वाक्य म्हणत होते.

मग मी त्या खिडकीवर गेले. तीच मुलगी होती. म्हटलं, नाव घाल. ती म्हणाली, "कारण?" म्हटलं, "वैयक्तिक." एप्रिलच्या मध्यावरची तारीख मिळाली आहे. भोंग्यातला आवाज गेला तर पत्रा उरतो, असं मी लिहिलं होतं. ते मी मागे घेते. एक बिनआवाजाचा माणूस माझ्या घरात होता आणि पत्रा तो नव्हता.

नवं कार्ड सोबत आहे. तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. भाषण एकही नाही. शेवटचं वाक्य पाच वेळा भरलं, मध्येच थांबायचे. त्यातलं बरं निघालं असेल ते घे.

तुझी आत्या


३ एप्रिल

आत्या,

कार्ड ऐकलं. यावेळी मी उभी राहिले नाही. दार लावून घेतलं आणि रेकॉर्डर कानाशी धरला, कारण तू इतक्या हळू बोलली आहेस. "मांजर" म्हणताना हसली आहेस. हा आवाज मी ओळखते. भिंतीपलीकडून, मी झोपल्यावर तुम्ही दोघं बोलत असायचात, तेव्हा यायचा.

शेवटच्या वाक्याचे पाचही प्रयत्न मी ठेवले आहेत. यंत्रात पाचवा घातला. त्यात तू थांबली नाहीस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येते. हे मी विचारत नाही, सांगते.

कुजबुज


११ मे

प्रिय कुजबुज,

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. तू परत गेल्यापासून बरं आहे. छिद्राची सवय होतेय. वास जवळजवळ गेला. वॉर्डातला फिनेलचा वास त्यातच गेला, तेवढा नफा.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी नाकातली जेवणाची नळी काढली आणि तोंडाने घ्यायची परवानगी मिळाली. चहाची गाडी ढकलणारी बाई आली. जाडजूड, घाईत. म्हणाली, "आजी, कसा देऊ?" मी यंत्र उचललं. बटण सापडेना, पहिल्यांदा "मांजर" दाबलं गेलं. ती दचकली. मग बरोबर सापडलं.

खोलीत माझा आवाज आला. "अर्धा चमचा साखर. थोडं दूध जास्त."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "हा आवाज मी ओळखते! तुम्ही गाड्या पुकारायच्या ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "तेव्हा केवढ्यांदा बोलायच्या हो तुम्ही! आता गोड बोलताय." मला हसू आलं. हसण्याचा आवाज येत नाही आता, नुसते खांदे हलतात. त्यांचेही असेच हलायचे.

चहा गोड होता. तुझे डॉक्टर खरं बोलले.

मात्र एका गोष्टीचा निकाल लागायचा आहे, तो मी लावला आहे. धुलाई खात्यातली माणसं कामावर परत आलेली नाहीत. शब्द उभाच आहे. तो द्यायचं काम मी केलं, पाळायचं त्यांनी केलं, आणि ते आता नाहीत. मला पाळता येणार नाही. तो चहा मी आता सोडणार नाही, कुणासाठीही. तेव्हा तुझ्यासारखाच एक प्रश्न मी विचारते. डोकं न खाजवता, मनात येईल ते उत्तर दे.

चहा कसा घेशील?

आत्या


१५ मे

आत्या,

शनिवारी येते. माझा बिनसाखरेचा कर.

कुजबुज